लादीवर ॲसिड कोण ओतते?

कोणत्याही जुन्या कार्यालयात दारातून लिफ्टपर्यंत जाताना एकदा खाली पाहावे. भिंतीलगतची, टेबलांखालची, कुंड्यांमागची लादी अजून चकाकत असते आणि मधोमध, जिथून रोजची वर्दळ आहे तिथे, एक निस्तेज राखाडी वाट पडलेली असते. मुंबईच्या फोर्टमधले विमा कार्यालय असो, पुण्यातली जुनी सहकारी बँक असो की जिल्ह्याच्या ठिकाणचे सरकारी रुग्णालय, चित्र फारसे बदलत नाही. या वाटेकडे बोट दाखवून ‘फरशी झिजली’ असा निकाल दिला जातो. मग नूतनीकरणाचा प्रस्ताव येतो, ठेकेदार व्हिट्रिफाइड टाइलचे नमुने घेऊन येतो आणि चाळीस-पन्नास वर्षे टिकलेला, आणखी तेवढाच काळ सहज टिकला असता असा दगड एक तर फोडून ट्रकमध्ये भरला जातो, नाहीतर नव्या टाइलखाली कायमचा गाडला जातो. माझ्या मते हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. दगड संपलेला नसतो, त्याची वरची केसभर जाडीची झिलई गेलेली असते. आणि ती घालवण्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांपेक्षा सफाईच्या कंत्राटाचा हात मोठा असतो.

हे पटण्यासाठी आधी पायाखाली काय आहे ते पाहायला हवे. महाराष्ट्र हा काळ्या पत्थराचा, बेसाल्टचा प्रदेश. तो किल्ल्यांना, वाड्यांच्या जोत्यांना, घाटांच्या पायऱ्यांना कामी आला. पण इमारतींच्या आत ज्या सपाट, पातळ लाद्या बसल्या त्या बहुतेक बाहेरून आल्या. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली, कडप्पा आंध्रातला, कोटा राजस्थानातल्या रामगंज मंडीच्या पट्ट्यातला, पांढरा संगमरवर मकराण्याचा. शहाबाद मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या लोहमार्गावर आहे, तर रामगंज मंडी दिल्लीला जाणाऱ्या मार्गावर; एवढा जड माल इथवर कसा आला असेल याचा अंदाज त्यावरून करता येतो. दिसायला हे दगड एकमेकांपासून कितीही वेगळे असले तरी शहाबादी, कोटा, कडप्पा, जैसलमेर हे सारे चुनखडीचेच दगड. संगमरवर म्हणजेही भूगर्भातल्या दाबाने आणि उष्णतेने स्फटिकरूप झालेली चुनखडीच. चर्चगेटसमोरच्या इरॉस चित्रपटगृहाच्या दर्शनी दालनात १९३८ साली काळा-पांढरा संगमरवर बसला. त्याच काळातल्या कितीतरी इमारतींत मोझॅकच्या टाइल आल्या आणि त्यांचा वरचा पाच-सहा मिलिमीटरचा थरही सिमेंटमध्ये रोवलेल्या संगमरवराच्या खड्यांचाच असतो. ग्रॅनाइटची जात मात्र निराळी, आणि पुढचा बराचसा घोटाळा हा फरक न ओळखल्यामुळे होतो.

खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा मोहस मोजपट्टीवर मोजतात. चुनखडी आणि संगमरवर ज्याचे बनतात ते कॅल्साइट या पट्टीवर ३ वर आहे, आणि वाळूतले क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे चपलेच्या तळव्याला चिकटून आत आलेला वाळूचा कण संगमरवराला आरामात ओरखडतो. असे लाखो बारीक ओरखडे एकत्र आले की प्रकाश सरळ परावर्तित व्हायच्या ऐवजी विखुरतो आणि लादी निस्तेज दिसू लागते. ती राखाडी वाट म्हणतात ती हीच. पाय फक्त वजन देतात, घासण्याचे काम वाळू करते. मग वाळू दारातच अडवणे हा देखभालीचा पहिला नियम ठरायला हवा. प्रत्यक्षात दारात संस्थेचे नाव छापलेले दीड-दोन फुटांचे रबरी पायपुसणे असते. त्यावर एक पाऊल पडते, दुसरे थेट लादीवर. चार-पाच पावले चालावी लागतील एवढे लांब, खरखरीत आणि शोषून घेणारे पायपुसणे फार थोड्या इमारतींत दिसते. आणि जिथे असते तिथे ते पावसाळ्यात, म्हणजे त्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच, ओले होते म्हणून गुंडाळून जिन्याखाली ठेवलेले आढळते!

दुसरा शत्रू बादलीतला. चुनखडीवर आम्ल पडले की ती विरघळते. शाळेच्या प्रयोगशाळेत खडूच्या तुकड्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकल्यावर फेस येतो, तीच ही क्रिया. स्वच्छतागृहासाठी बाजारात मिळणारे साधे ‘ॲसिड’ हे बहुधा हेच. स्वच्छतागृहाच्या उंबऱ्याबाहेर कोटा किंवा संगमरवर असेल तर तिथे अर्धवर्तुळाच्या आकाराचा पांढुरका, हाताला खरबरीत लागणारा पट्टा दिसतो. आत वापरलेला मॉप बाहेर येऊन जिथवर फिरतो तिथवर तो पट्टा जातो. डाग म्हणून तो कितीही पुसला तरी निघत नाही, कारण तिथे काही लागलेले नसतेच. तिथला दगड गेलेला असतो. ॲसिड लाद्यांमधल्या सांध्यांतले सिमेंटही खाते, मग सांध्यांतून पाणी खाली उतरते आणि लादी पोकळ वाजू लागते. शिवाय या क्रियेतून बनणारे कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेते. नीट धुतले गेले नाही तर लादी दमट, चिकट राहते आणि धूळ दुप्पट धरते. लिंबाच्या वासाची म्हणून विकली जाणारी काही द्रावणे, चहा-कॉफीच्या यंत्राखाली सांडणारे सरबत, व्हिनेगर हे त्याच क्रियेचे सौम्य प्रकार. ग्रॅनाइटला यातल्या बहुतेकांनी फारसे काही होत नाही. त्यामुळे स्वागतकक्षातल्या ग्रॅनाइटवर बिनबोभाट चाललेली बादली पुढे संगमरवरी जिन्यावर जाते आणि तिथे तीच बादली घात करते.

मग हे ॲसिड ओतते कोण? मॉप हातात असलेल्या बाईला जबाबदार धरणे सगळ्यात सोपे. पण तिच्या हाती बिनलेबलचा कॅन कोणी दिला हे पाहू लागलो की निविदेपाशी येऊन थांबावे लागते. आपल्याकडे सफाईचे कंत्राट बहुधा ‘साहित्यासह मनुष्यबळ’ असे एकत्रित निघते आणि सर्वात कमी दराला मिळते. माणसे किती हे ठरलेले, किमान वेतन कायद्याने ठरलेले. मग ठेकेदाराला हात आखडता घ्यायला जागा उरते ती साहित्यात आणि प्रशिक्षणात. लादी कोणत्या दगडाची आहे याचा निविदेत उल्लेख नसतो. ‘सर्व मजले स्वच्छ व चकचकीत ठेवणे’ एवढ्या ओळीत तो विषय संपतो. तपासणीला येणारा अधिकारी डोळ्यांनी चमक पाहतो आणि नाकाने फिनेल. या दोन कसोट्यांवर आज उतरायचे तर डाग दिसला की ॲसिड आणि चमक गेली की मेणाचा किंवा ॲक्रिलिकचा थर, हाच सर्वात स्वस्त मार्ग. मुंबईच्या दमट हवेत तो थर मऊ पडतो, धूळ पोटात घेतो, पिवळा होतो. मग तो काढायला तीव्र रसायन, त्यावर पुन्हा नवा थर. ठेकेदार लबाड असतोच असे नाही. निविदेने जे मागितले ते तो देतो, आणि आपण आजची चमक मागतो, पाच वर्षांनंतरचा दगड मागत नाही.

दगडाची बाजू इथे भक्कम आहे, कारण तो दुरुस्त होतो. लादीची जाडी साधारण १८ ते २५ मिलिमीटर असते आणि नीट केलेल्या संपूर्ण घासाईत त्यातला एखादा मिलिमीटर जातो. नुसती गेलेली चमक परत आणायची असेल तर त्याहूनही कितीतरी कमी. आधी निखळलेले सांधे भरायचे, पोकळ लाद्या उचलून पुन्हा बसवायच्या, मग पाण्यासोबत मशीन चालवायचे आणि जाड दाण्यापासून बारीक दाण्याकडे जायचे. डायमंड पॅडवर ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० असे आकडे असतात. प्रत्येक पायरीने मागच्या पायरीचे ओरखडे पुसायचे असतात. मधली एखादी गाळली की चमक येते, पण तिरप्या उजेडात मशीनची वर्तुळे दिसत राहतात. फसवणूक होते ती इथेच. पायऱ्या गाळून शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पांढरी पावडर सढळ हाताने फिरवली की तात्पुरती झळाळी येते. पावडर वाईट नाही. मोझॅक आणि संगमरवराच्या पॉलिशमध्ये ती कित्येक दशके वापरात आहे, पण पुरेशा बारीक घासाईनंतर, मोजून आणि लगेच धुऊन. घाईत वापरली तर ती संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग मागे ठेवते. ‘क्रिस्टलायझेशन’ नावाने विकल्या जाणाऱ्या प्रक्रियेचेही तसेच. फ्लुओसिलिकेट असलेले द्रावण आणि पोलादी लोकरीचे पॅड यांनी कॅल्साइटच्या पृष्ठभागावर कठीण थर तयार होतो. संगमरवरावर तो चांगला बसतो, ग्रॅनाइटवर त्याला काही अर्थ नाही, आणि पोलादी लोकरीचे तंतू मागे राहिले तर आठवड्याभरात तांबूस गंजाचे ठिपके उमटतात. कोपऱ्यातल्या चार लाद्यांवर नमुना पट्टा करून घेतल्याशिवाय, आणि तो दिवसाच्या तिरप्या उजेडात पाहिल्याशिवाय, कामाचा आदेश देऊ नये. असा पट्टा फुकट करून दाखवायला तयार नसलेल्या ठेकेदाराला दारातूनच परत पाठवावे, हे माझे स्पष्ट मत.

यावर पहिला आक्षेप पैशांचा आणि गैरसोयीचा येतो: पॉलिश करत बसण्यापेक्षा एकदाच टाइल घातलेली बरी. हिशेब करून पाहू. दहा हजार चौरस फूट कोटा फरशी, जाडी २५ मिलिमीटर, खाली ४० मिलिमीटरचा मालमसाला, असे धरले तर फोडल्यावर सुमारे १३० टन राडारोडा निघतो. दहा टनी ट्रकच्या तेरा खेपा. तो कुठे टाकायचा याचे नियम २०१६ पासून आहेत आणि तो प्रत्यक्षात कुठे पडतो हे मुंबई-पुण्याच्या खाड्यांच्या आणि नाल्यांच्या काठी पाहायला मिळते. फोडायचे नाही, वरूनच टाइल चिकटवायची म्हटले तर स्लॅबवर पंचवीस-तीस टनांचा जादा भार येतो, मजल्याची पातळी चढते, दारे खालून कापावी लागतात आणि लिफ्टच्या तोंडाशी एक नवी ठेच तयार होते. बदली येणारी टाइल बहुधा मोरबीची, सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली. तिथल्या प्रदूषणाची पातळी इतकी वाढली होती की राष्ट्रीय हरित लवादाला २०१९ मध्ये कोळशाचे गॅसिफायर बंद करायला सांगावे लागले. गैरसोयीचे म्हणाल तर पाण्यावरची घासाई रात्री, एकेक पट्टा घेऊन करता येते आणि सकाळी कार्यालय उघडते. फोडकामाच्या वेळी ते शक्य होत नाही. दगडाच्या खाणींनी डोंगर खाल्ले हेही कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण ज्यासाठी डोंगर गेला तो दगड कचऱ्यात फेकल्याने डोंगर परत येत नाही, उलट पुढची खाण खोदली जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही: चकचकीत दगडावरून माणसे घसरतात. रुग्णालयात, बँकेत, रेल्वेच्या आरक्षण केंद्रात येणाऱ्या वृद्धांच्या खुब्याचे हाड मोडणे ही सौंदर्याची बाब नव्हे. ब्रिटनमध्ये जमिनीवर लोलक घासत नेऊन निसरडेपणा मोजतात, आणि तो आकडा ३६ किंवा त्यापुढे असेल तर धोका कमी मानतात. झिलईदार संगमरवर कोरडा असताना बरेचदा या कसोटीला उतरतो, ओला झाला की बहुधा नाही. पण आरशासारखी पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड टाइल ओली झाल्यावर वेगळे काय करते? दगड बदलून हा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो पॉलिश किती आणि कुठे करायची हे ठरवल्याने. दारालगतचे पहिले दहा-बारा फूट, उतार, पायऱ्यांच्या कडा, पाण्याच्या कूलरभोवतीची जागा इथे घासाई मधल्या दाण्यावर थांबवावी, आरसा करू नये. दगडाच्या बाबतीत हे जागेवर ठरवता येते, नको वाटले तर पुन्हा बदलताही येते. भाजून आलेल्या टाइलला कारखान्यात जे रूप मिळाले तेच तिच्या नशिबी. हे मान्य करायला हवे की आपल्याकडच्या अनेक प्रशासनांना सगळीकडे आरसाच हवा असतो, कारण उद्घाटनाच्या फोटोत तोच दिसतो.

व्हिट्रिफाइडला देखभाल लागत नाही हा समज मात्र निव्वळ विक्रेत्यांनी रुजवलेला. तिच्यातून पाणी जवळजवळ मुरत नाही, डाग कमी धरते, हे खरे. पण सांधे तिचेही काळे पडतात, आणि चकाकी वरच्या पातळ थरात असलेल्या प्रकारांत तो थर वाळूने गेला की पुन्हा घासून वर आणता येत नाही. चार-पाच वर्षांनी दहा टाइल फुटल्या तर तोच नमुना, तीच छटा बाजारात मिळेल याची खात्री नसते, आणि मग दालनाच्या मधोमध भलत्याच रंगाचे ठिगळ बसते. कोट्याची जुनी लादी फुटली तर कोट्याचीच नवी लादी आणून आजूबाजूच्यांसोबत घासता येते. वर्षभरात ती कोणती हे सांगता येत नाही. हिरवट-करडा कोटा ‘सरकारी’ दिसतो, अशी तक्रार असते. अभिरुचीचा प्रश्न आहे, वाद घालत नाही. पण मग तसे सांगून बदला, ‘झिजली’ म्हणून नको. जिथे खालचा भराव खचला आहे, तळमजल्यावर जमिनीतून सतत ओल चढते आहे, नळ किंवा तारा बदलायला जमीन खोदावीच लागणार आहे, तिथे फरशी काढणे भागच असते. आणि मोझॅकचा तो पाच-सहा मिलिमीटरचा थर दर दोन वर्षांनी जाड दाण्याने घासला तर तो संपणारच. म्हणूनच तर मोठी घासाई क्वचित आणि रोजची निगा नेमाने हवी.

ती निगा कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती कंत्राटात लिहून घ्यावी लागते. दिवसातून किमान दोनदा कोरड्या मायक्रोफायबर मॉपने धूळ उचलणे, त्यानंतरच ओले पुसणे. एक बादली द्रावणाची, दुसरी गढूळ पाणी पिळायची. द्रावण आम्लही नाही, तीव्र क्षारही नाही असे, लेबलसह मूळ डब्यात आलेले. स्वच्छतागृहाचे मॉप वेगळ्या रंगाचे, आणि ते उंबरा ओलांडणार नाहीत. सांडलेले काही असेल तर टिपून घ्यायचे, पसरवायचे नाही. डाग मुरू नये म्हणून दगडात शिरणारे सीलर लावणे फायद्याचे, पण सीलर लावलेला संगमरवरही ॲसिडने खरवडला जातो हे विकणारा सांगत नाही. साहित्याची रक्कम मनुष्यबळातून वेगळी काढून निविदेत स्वतंत्र दाखवली तर कमी दराची शर्यत रसायनांवर येऊन थांबणार नाही. चमक डोळ्यांनी ठरवण्याऐवजी ठरलेल्या चार-पाच जागांवर ग्लॉसमीटर लावून दर तिमाहीला नोंद ठेवता येते. उपकरण हातात मावणारे आहे. आणि घासाई करणाऱ्या माणसांसाठी एक अट कुठल्याही कारणाने सोडू नये: कोरडे घासणे बंद. ग्रॅनाइटमध्ये भरपूर क्वार्ट्झ असते, त्याची बारीक धूळ छातीत बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही. पाण्याने धूळ बसते, मात्र जो पांढरा राबडा निघतो तो इमारतीच्या नळात सोडायचा नाही. पिंपात निवळू द्यायचा, वरचे पाणी पुन्हा वापरायचे आणि खालचा गाळ राडारोड्यासोबत द्यायचा. आज तो सर्रास नळात जातो आणि दोन महिन्यांनी प्लंबरला बोलवावे लागते.

एवढे सगळे साधे असताना ते होत का नाही, याचे उत्तर हिशेबाच्या शीर्षांत आहे. रोजच्या देखभालीला दरवर्षी थोडा पैसा लागतो, तो मागताना दरवर्षी स्पष्टीकरण द्यावे लागते आणि त्यातून कुणाच्या नावाची कोनशिला बसत नाही. नूतनीकरण हा भांडवली खर्च. तो एकदाच मंजूर होतो, मार्चअखेर निधी संपवायला सोयीचा असतो आणि झालेला दिसतो. खासगी कंपन्यांत मार्चऐवजी नवा व्यवस्थापक आणि नवा इंटिरियर डिझायनर हे निमित्त असते, एवढाच फरक. सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, सहकारी बँका आणि महामंडळे यांनी एक नियम केला तरी बरेच काही वाचेल: दगडी किंवा मोझॅक फरशी काढण्याच्या कोणत्याही प्रस्तावासोबत ती घासून पाहिल्याचा नमुना अहवाल आणि दोन्ही पर्यायांचा खर्च जोडलेला असला पाहिजे. नियम होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या बँकेच्या, संस्थेच्या किंवा व्यापारी संकुलाच्या सभेत फरशी बदलण्याचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी जुन्या फरशीचा दहा चौरस फुटांचा तुकडा पॉलिश करून दाखवायला सांगा, आणि सफाईच्या कंत्राटाची प्रत मागून त्यात दगडाचे नाव लिहिले आहे का ते वाचा.